आजोबांची ट्रंक उघडण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आजोबांची ट्रंक माळ्यावरून काढलीस आणि रविवारी सगळे कागद वर्षवार लावणार आहेस, असं कळवलंस. तेवढं करू नकोस, म्हणून घाईने लिहितोय.

आजोबांसारख्या ग्रामसेवकाच्या घरातले कागद कोणत्या क्रमाने ठेवलेत, यातच निम्मी हकिगत असते. तिशीत मी एका निवृत्त ग्रामसेवकांचं दफ्तर असंच हौसेनं लावलं. पाझर तलावाच्या कागदांत मुलीच्या शाळेच्या फीची पावती होती. चुकून आली असेल म्हणून ती घरखर्चाच्या गठ्ठ्यात टाकली. पुढे त्यांच्या पत्नीनं सांगितलं, तलावाच्या कामावर ते महिनोन्‌महिने अडकले होते आणि ती फी त्यांनी उसनवारी करून भरली होती. पावती नेमकी कोणत्या कागदाला लागून होती, ते मला आजही सांगता येत नाही. त्याची खंत अजून आहे.

म्हणून आधी जसं आहे तसं, थराथराने फोटो काढ. मग पेन्सिलीने, पाठीमागच्या कोपऱ्यात, बारीक क्रमांक घाल. टाचणी गंजली असेल तर ओढू नकोस. तिचा तपकिरी डाग वरच्या कागदावरून खालच्यावर उतरलेला असतो. टाचणी निघाली, कागद विखुरले, तरी डागाला डाग जुळवून कोण कोणाचा सोबती ते कळतं. चिकटपट्टी, लॅमिनेशन अजिबात नको. स्वच्छ सुती रुमालात बांध. आपली जुनी दफ्तरं रुमालातच टिकली.

कागदांवरची छापील शीर्षकं नीट बघ. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी लोकल बोर्डं होती. जुनं नाव खोडून वर हाताने नवं लिहिलेला कागद सापडला, तर तो त्या बदलाच्या काळातला असण्याची शक्यता मोठी. जुन्या पिढीतले काही जण स्वतःपुरत्या नोंदी मोडी लिपीत करत. तशा दिसल्या तर रद्दी समजू नकोस. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे जा.

सगळ्यात मोलाच्या दोन डायऱ्या. एक पंचायत समितीला दाखवायची दैनंदिनी: दौरा, वसुली, सभा. दुसरी खिशातली. दोन्ही एकाच तारखेला उघडून शेजारी ठेव. 1972 च्या दुष्काळात पहिलीत 'घरपट्टी वसुली' असेल, तर दुसरीत कोणाच्या दारातून हात हलवत परतले ते असू शकेल. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानंतर ग्रामसेवक हा माणूस सरपंच आणि गटविकास अधिकारी यांच्या मध्ये उभा होता. ठराव एकाचा, जाब विचारणारा दुसरा. ते ओझं कुठल्याच नमुन्यात भरायची सोय नव्हती. खिशातली डायरी मला म्हणूनच जास्त खरी वाटते.

मूळ प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) किंवा जन्म-मृत्यूचं रजिस्टर निघालं, तर ते आजोबांचं नाही, कार्यालयाचं आहे. फोटोसुद्धा पसरवू नकोस. ग्रामपंचायतीत नेऊन दे आणि लेखी पोच घे. भावकीची भांडणं, कोणाचे अर्ज, कोणाची थकबाकी, यातली माणसं किंवा त्यांची नातवंडं अजून त्याच गावात राहतात. ते कागद बांधून बाजूला ठेव.

आणि आजोबांवर लिहिशील तेव्हा त्यांना देवमाणूस करू नकोस. एखादा मेमो, खुलासा, वेतनवाढ रोखल्याचा आदेश निघेल. तोही लिही. त्यांनी तो फाडून टाकला नाही, जपून ठेवला, हे विसरू नकोस.

दिवाळीनंतर ये. ट्रंक आणू नकोस, पहिल्या थराचे फोटो तेवढे आण. आजीला मात्र आत्ताच विचारून घे, ट्रंकेला शेवटचं कुलूप कोणी लावलं होतं.

तुझा,
काका