वडिलांच्या कल्चर रिपोर्टवर ‘डी-टेस्ट पॉझिटिव्ह’ आलंय. कधीही न घेतलेल्या औषधाला जंतू दाद का देत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना शुगर आहे, पायाची जखम भरत नाही, पूचं कल्चर केलं तर त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. रिपोर्टवर एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू दाद देत नाही), क्लिंडामायसिनपुढेही ‘आर’, आणि खाली बारीक अक्षरात ‘डी-टेस्ट पॉझिटिव्ह’. बाबांनी ही दोन्ही औषधं जन्मात घेतलेली नाहीत, मग शरीराला सवय कशी लागली? आणि यावर काही नवीन निघतंय का?

मी एकोणीस वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये प्लेटा वाचते. डॉक्टर नाही, एमएस्सी आहे. त्यामुळे बाबांना काय द्यायचं हे मी सांगणार नाही, ते त्यांचे सर्जन ठरवतील. पण तो ‘डी’ मी इतक्या वेळा पाहिलाय की त्याच्याबद्दल हक्काने लिहू शकते.

आधी ‘सवय’ हा शब्द काढून टाका. सवय बाबांच्या शरीराला लागलेली नाही. रिपोर्टमधला ‘आर’ बाबांचा नाही, त्या जंतूचा आहे. उद्या तोच जंतू तुमच्या हाताला लागला आणि तिथून दुसऱ्या कोणाच्या जखमेत गेला, तर त्या माणसाच्या रिपोर्टवरही हाच ‘आर’ येईल, त्याने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नसली तरी.

आता डी. पूमधून वाढवलेला जंतू आम्ही सलाइनमध्ये कालवतो, ठराविक गढूळपणा येईपर्यंत. मग स्वॅबने ते पाणी आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर तीन दिशांनी फिरवतो, म्हणजे सगळीकडे सारखी पेरणी होते. त्यावर चिमट्याने औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. या टेस्टसाठी एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या मुद्दाम शेजारी ठेवतात, मध्ये १५ ते २६ मिलिमीटर अंतर. रात्रभर ३५ अंशांना. सकाळी एरिथ्रोमायसिनच्या चकतीभोवती जंतू अगदी कडेपर्यंत आलेला असतो. क्लिंडामायसिनभोवती मात्र छान मोकळं वर्तुळ दिसतं, फक्त एरिथ्रोमायसिनच्या बाजूची कड सपाट. गोल भाकरीचा एक काठ कोणीतरी सुरीने सरळ कापून नेल्यासारखी. तो झाला इंग्रजी डी.

म्हणजे दूरच्या बाजूला जो जंतू क्लिंडामायसिनने मरतोय, तोच एरिथ्रोमायसिनच्या शेजारी आला की मरत नाही. जंतू तोच, प्लेट तीच. फरक एवढाच की शेजारच्या औषधाने त्याला जागं केलंय.

माझी एक चूक सांगते, कारण त्याशिवाय या बारीक अक्षरांची किंमत कळणार नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या लॅबमध्ये होते तिथे चकत्या ठेवायचा क्रम ठरलेला होता आणि त्यात या दोन चकत्या प्लेटच्या दोन टोकांना जायच्या. एका मुलीच्या मांडीतल्या गळवाच्या पूमध्ये क्लिंडामायसिनचं वर्तुळ मोठं आलं, मी ‘एस’, म्हणजे औषध लागू पडतं, असं लिहून मोकळी झाले. दहाएक दिवसांनी तीच मुलगी पुन्हा, गळू पुन्हा. या वेळी वर्तुळ नव्हतंच, चकतीला खेटून जंतू. जुनी स्लोप, म्हणजे पहिल्या वेळचा जंतू जपून ठेवलेली नळी, कपाटात होती म्हणून मी ती काढून चकत्या शेजारी ठेवून पाहिलं. ठसठशीत डी. पहिल्याच दिवशी दिसला असता. तुमच्या लॅबने क्लिंडामायसिनचं वर्तुळ दिसत असूनही ‘आर’ लिहिलंय ते याचसाठी, आणि ते बरोबर आहे.

आत काय चालतं? जंतूच्या पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, रायबोसोम. तयार होणारी साखळी एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. एरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही सगळी मॅक्रोलाइड कुटुंबातली भावंडं त्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसतात. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की बूच बसतं आणि काम ठप्प. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या अलेक्झांडर मॅनकिन आणि नोरा वाझ्केझ-लास्लोप यांच्या कामामुळे कळलं की प्रकरण इतकं साधं नाही. औषध बसलेलं असतानाही काही प्रथिनं बाजूने निसटून पूर्ण होतात. अमिनो आम्लांचे ठराविक क्रम आले की मात्र साखळी अडते.

आणि जंतूने नेमका याच अडकण्याचा उपयोग करून घेतलाय. त्याच्याकडे ‘अर्म’ नावाचं जनुक असतं, पण एरवी ते मिटलेलं. त्याच्या आधी एक चिमुकली साखळी लिहिलेली असते. अर्म-सी या प्रकारात फक्त १९ अमिनो आम्लांची. औषध नसताना रायबोसोम ती झरझर वाचून पुढे जातो आणि अर्म झाकलेलंच राहतं. औषध बसलेला रायबोसोम त्या साखळीच्या मध्यावर अडतो, त्यामुळे आरएनएची, म्हणजे रायबोसोम वाचत असलेल्या जनुकाच्या नकलेची, घडी बदलते आणि अर्मची सुरुवात उघडी पडते. मग अर्म प्रथिन तयार होतं आणि नव्या रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएमधल्या एका ठरलेल्या अक्षरावर, २०५८ क्रमांकाच्या ॲडेनिनवर, दोन मिथाइल गट चिकटवतं. औषधाचा हात धरायची जागा नेमकी तीच. क्लिंडामायसिन रसायन म्हणून वेगळ्या घराण्यातलं, पण तेही त्याच अक्षरापाशी बसतं, म्हणून त्याचीही जागा जाते. मात्र अर्मला जागं करायची ही घंटा ते स्वतः वाजवत नाही. म्हणून ते एकटं असताना प्लेटवर बिचारं गुणी दिसतं. रुग्णाच्या अंगात असतात कोट्यवधी जंतू, त्यांतल्या एखाद्यात ही घडी कायमचीच मोडलेली असते, अर्म सतत चालू. क्लिंडामायसिन बाकीच्यांना मारतं, तो उरतो आणि वाढतो. त्या मुलीचं हेच झालं.

हे जनुक आलं कुठून, ही माझी आवडती गोष्ट. १९४९ साली फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतातून अबेलार्दो आगिलार या डॉक्टरांनी मातीचे नमुने एली लिली कंपनीला पाठवले. त्या मातीतल्या जंतूने तयार केलेलं रसायन म्हणजे एरिथ्रोमायसिन. १९५२ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा नावही इलोइलोवरून ठेवलं, आयलोटायसिन. आगिलारांना रॉयल्टी मिळाली नाही, हे जाता जाता. तर औषध बनवणाऱ्या त्या मातीतल्या जंतूपाशीच अर्मचं एक रूप आहे, नाहीतर तो स्वतःच्याच विषाने मेला असता. म्हणजे कुलूप आणि चावी एकाच घरात होती, आपण फक्त चावी उचलून आणली असं समजत होतो.

आता ‘बाबांनी घेतलंच नाही’ याकडे. एरिथ्रोमायसिन नसेल घेतलं. पण सर्दी-खोकल्याला तीन गोळ्यांची छोटी स्ट्रिप आठवतेय का बघा, दिवसाला एक, पाचशे मिलिग्रॅम. ती ॲझिथ्रोमायसिन, आणि घंटा तिलाही वाजवता येते. भारतातल्या खासगी विक्रीच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेटच्या आग्नेय आशिया आवृत्तीत आला होता. २०१९ साली सगळ्यांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक हीच पाचशेची गोळी होती, एकूण खपाच्या ७.६ टक्के. त्यानंतर कोविड आला. तेव्हा आमच्या घरातही फ्रिजवर दोन स्ट्रिपा होत्या, माझ्यासारखीच्या घरात! पुढे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत सात हजारांवर रुग्णांमध्ये तपासलं तर कोविडसाठी तिचा फायदा शून्य निघाला.

एका कोर्सने काय होतं हे बेल्जियममधल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. २२४ निरोगी माणसं घेतली. काहींना ॲझिथ्रोमायसिन, काहींना क्लॅरिथ्रोमायसिन, काहींना नुसती खोटी गोळी. मग घशातले नेहमीचे, निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकस तपासत राहिले. ॲझिथ्रोमायसिन घेतलेल्यांत चौथ्याच दिवशी दाद न देणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ५३ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि सहा महिन्यांनंतरही ते खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्तच होतं. तीन दिवसांच्या गोळीचा हिशोब सहा महिने. ॲझिथ्रोमायसिन पेशींमध्ये मुरून बसतं आणि फार हळूहळू बाहेर पडतं. म्हणूनच तीन दिवसांचा कोर्स पुरतो आणि म्हणूनच त्याची शेपूट लांब असते.

उलटही होतं, तेही सांगते. फिनलंडमध्ये घशाच्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये एरिथ्रोमायसिनला दाद न देणारे वाढले तेव्हा देशभर डॉक्टरांना मॅक्रोलाइड जपून द्यायला सांगितलं. वापर जवळजवळ निम्म्यावर आला, आणि १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेलं प्रमाण १९९६ पर्यंत ८.६ वर उतरलं. चार वर्षं लागली, पण उतरलं.

नवीन संशोधनाचं म्हणाल तर सगळी लढाई त्या एका २०५८ क्रमांकाभोवतीच फिरतेय. एक वाट कीटोलाइडची. एरिथ्रोमायसिनच्या अंगावर दोन साखरा लटकलेल्या असतात, त्यांतली एक काढून टाकली की घंटा सहसा वाजत नाही. शिवाय एक लांब हात जोडायचा, जो रायबोसोमला दुसऱ्या ठिकाणीही पकडतो. या घराण्यातलं टेलिथ्रोमायसिन अमेरिकेत २००४ मध्ये आलं आणि तीन वर्षांत यकृताच्या गंभीर दुष्परिणामांमुळे न्यूमोनिया सोडून बाकीच्या वापरांतून काढावं लागलं. त्यामुळे पुढची बरीच वर्षं या घराण्याचं नाव निघालं की कंपन्या दचकायच्या. त्याच घराण्यातलं नॅफिथ्रोमायसिन मात्र आपल्याकडचं आहे. वोखार्टने, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रात, ते घडवलं. २० नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीत त्याचं अनावरण झालं. रोज आठशे मिलिग्रॅम, तीन दिवस, मोठ्या माणसांच्या न्यूमोनियासाठी. सरकारी पत्रकात ॲझिथ्रोमायसिनपेक्षा दहापट प्रभावी वगैरे लिहिलंय. असल्या पटींवर मी फार भरवसा ठेवत नाही, पण औषध खरं आहे आणि मराठवाड्यात घडलंय याचं मला अप्रूप आहे. बाबांच्या पायासाठी मात्र ते नाही. मेडिकलवाल्याकडे विचारायला जाऊ नका.

दुसरी वाट हार्वर्डच्या अँड्र्यू मायर्स यांच्या प्रयोगशाळेची. मातीतल्या जंतूने दिलेला रेणू इकडून तिकडून खरवडण्यापेक्षा त्यांनी तो छोट्या तुकड्यांपासून स्वतः जोडायला सुरुवात केली. २०१६ मध्ये तीनशेहून जास्त नवे मॅक्रोलाइड त्यांनी असे बनवून दाखवले. मग ते क्लिंडामायसिनच्या घराण्याकडे वळले. २०२१ चं इबॉक्सामायसिन बघा: मिथाइल चिकटलेलं ते अक्षर हे औषध चक्क बाजूला सरकवतं आणि आपली जागा करून घेतं. ती क्रिस्टलची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा डब्याची पोळी हातातच राहिली होती. त्याच्या पुढचं क्रेसोमायसिन, २०२४ चं, बसायच्या आधीच योग्य आकारात आवळलेलं आहे. उंदरांमध्ये त्याने चांगलं काम केलं. उंदरांमध्ये, हे नीट वाचा.

तिसरी वाट मॅक्रोलोनची: मॅक्रोलाइडला क्विनोलोन या दुसऱ्या अँटिबायोटिक घराण्याची शेपटी जोडायची, म्हणजे एकच रेणू रायबोसोमही अडवतो आणि डीएनएचे पीळ सोडवणारं गायरेजही. यावरचं २०२४ चं काम मॅनकिन आणि त्यांचे सहकारी युरी पोलिकानोव यांचं. दोन्ही ठिकाणी सारखाच जोर असेल तर जंतूला सुटण्यासाठी एकाच वेळी दोन बदल करावे लागतील, असा त्यामागचा विचार. हेही अजून प्रयोगशाळेतच आहे.

यातलं काहीही या महिन्यात बाबांच्या कामाचं नाही. त्यांच्या कामाची ओळ बहुधा त्याच कागदावर आहे: सेफॉक्सिटिन. त्यापुढे ‘एस’ असेल तर हा जंतू एमआरएसए (पेनिसिलिनच्या घराण्यातल्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) नाही, आणि सेफाझोलिन, क्लॉक्सासिलिन यांसारखी जुनी, साधी औषधं सर्जनकडे शिल्लक आहेत. मग एरिथ्रोमायसिनच्या ‘आर’ची धास्ती घ्यायचं कारण नाही. ‘आर’ असेल तरी पर्याय असतात, पण ती निवड वेगळी. ती ओळ वाचून कमेंटमध्ये लिहा, आणि सोबत पूचा नमुना कसा घेतला तेही: ड्रेसिंग काढून वरवर स्वॅब फिरवला की जखम सलाइनने धुऊन आतून घेतला? वरवरचा असेल तर रिपोर्टमधला जंतू नुसता कातडीवरचा पाहुणाही असू शकतो, आणि तसं असेल तर डीपेक्षा आधी हे सर्जनना विचारा.