वाचकांचे प्रश्न : गाणं कोणाचं, क्वायरचं की मंडळीचं?

प्रश्न : सलाम. सोलापुरात आमची जुनी मराठी मंडळी, म्हणजे चर्च, आहे. दोनेक वर्षांपूर्वी तरुण पोरांनी कीबोर्ड, ड्रम, प्रोजेक्टर असं सगळं आणलं. पोरं चांगली आहेत, शनिवारी रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस करतात, पण आता झालंय काय की गाणारे ते क्वायरचे सहाजण आणि ऐकणारे आम्ही सगळे. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक पिशवीत घालून नेतात आणि न उघडता परत आणतात. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना बोलले तर म्हणाले, गाणं म्हणजे उपदेशाआधीची तयारी, त्याचं काय एवढं. खरंच तेवढंच असतं का?

उत्तर : ताई, सलाम. पंचांचा मान राखून सांगतो, मला हे अजिबात पटलेलं नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाच्या रात्री काय झालं बघा, बायबलमध्ये मत्तय 26:30, ते सगळे गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले. वल्हांडण सणाला स्तोत्रं 113 ते 118 गायची यहुदी लोकांची पद्धत आहे, तेव्हा बहुतेक त्यातलंच काही गायले असणार. थोड्या वेळात अटक होणार हे माहीत असलेला प्रभू शिष्यांबरोबर गातो, ती कसली तयारी म्हणायची? आणि प्रेषित पौल कलस्सैकरांच्या पत्रात, 3:16 मध्ये, काय म्हणतो, तर स्तोत्रं, गीतं गात एकमेकांना शिकवा. एकमेकांना! म्हणजे तुमच्या सासूबाई कापऱ्या आवाजात एक कडवं म्हणतात तेव्हा शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरीला त्या शिकवत असतात, भले त्या बिचाऱ्यांना तसं वाटत नसेल.

बाकी हे भांडण सोळाशे वर्षं जुनं आहे हं. चौथ्या शतकात लावदिकीया शहरातल्या चर्च-परिषदेने ठरवलं की चर्चमध्ये नेमलेल्या गायकांनीच गायचं. पुढे पश्चिमेकडे तर बरंचसं गाणं लॅटिनमध्ये आणि पाद्री-क्वायरच्या ताब्यात गेलं, लोक नुसते उभे. मग 1524 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या लोकांनी जर्मन गीतांची पुस्तकं छापली आणि गाणं परत बाकांवर आलं. कॅथलिक चर्चनेही 1963 मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेत लोकांनी स्वतः भाग घ्यायचा यावर जोर दिला.

आता तुमच्या पोरांकडे येऊ. त्यांच्यावर चिडू नका, माझ्या अनुभवाने निम्मी भानगड पट्टीची असते. मीही वीसेक वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली आणि एकदा ईस्टरला उत्साहाच्या भरात ओळखीचं गीत काळी चारच्या उंच पट्टीतून उचललं, ध्रुपद कसंबसं निघालं, अंतऱ्याला वरचा सा आला आणि पुरुषांची अख्खी बाजू गप्प, फक्त मागच्या बाकावरच्या एक आजी खालच्या सप्तकात शांतपणे पुढे गात राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सर, लई छान गायलात, आम्हाला पण घ्यायचं की." त्या दिवसापासून पेटी काळी एकवर! पोरं यूट्यूबवरचं गाणं त्या गायकाच्याच पट्टीत बसवतात, त्याचा गळा तयारीचा, आपला रविवार सकाळचा. दोन-तीन स्वर खाली उतरवायला सांगा. नवीन गीत एकदम तीन-तीन नको, एकच घ्या आणि ते सलग चार रविवार गा. शेवटच्या कडव्याला ड्रम थांबवा, माइक खाली करा. मंडळीचा आवाज येत राहिला तर ठीक चाललंय, शांतता पसरली तर क्वायरने काय समजायचं ते समजेल.

आणि प्रोजेक्टरला माझा विरोध नाही पण त्यावर दोन ओळी येतात आणि जातात, पुस्तक घरी येतं. मातीच्या वेळी दफनभूमीत कोण प्रोजेक्टर नेतं? सोलापूरच्या मे महिन्यातलं दुपारचं ऊन, डोक्यावर रुमाल, खड्ड्याभोवती माणसं उभी, कुणाला काही सुचत नसतं आणि कुणीतरी एक ओळ उचलतं. तेव्हा पाठ असलेलंच तोंडात येतं, आणि पाठ होतं ते वर्षानुवर्षं रविवारी गाऊन. हे पंचांना जरूर सांगा, त्यांनी कितीतरी माती दिल्या असतील.

प्रश्न : मी भयंकर बेसूर आहे. नुसते ओठ हलवले तर चालतं का?

उत्तर : नाही चालत. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1761 मध्ये गाण्याबद्दल सूचना लिहिल्या होत्या, त्यात सगळ्यांनी गा, अर्धमेल्यासारखं किंवा झोपेतल्यासारखं गाऊ नका असं आहे. पण त्याच यादीत केकाटू नका, इतरांच्या आवाजात आवाज मिसळा, असंही आहे. तुम्ही कुठल्या सूचनेत बसता ते शेजाऱ्याला विचारा.

प्रश्न : चर्चमध्ये टाळ-मृदंग घेतला तर सासरे म्हणतात हे देवळातलं आहे. काय करावं?

उत्तर : सासऱ्यांना 'उपासना संगीत' उघडून ना. वा. टिळकांचं नाव किती ठिकाणी दिसतं ते बघायला सांगा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग सोडला नाही, तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. अभंग गायचा आणि टाळ नको म्हणजे भाकरी चालेल पण शेंगाचटणी नको म्हटल्यासारखं आहे. फक्त टाळ लय सांभाळणाऱ्याच्याच हातात द्या. आमच्याकडे एक काका दर नाताळला टाळ घेतात आणि गाणं संपल्यावरही दोन ठोके वाजवतात.