शरदातील फुलबाग : वाचकांचे प्रश्न

सोयाबीन काढणीला आले की फुलबागेविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत ऑक्टोबरच्या उन्हाला दोष दिलेला आहे. ते ऊन कडक असते हे खरेच. परंतु विदर्भातल्या शरदात फुलझाडांचे भवितव्य उन्हापेक्षा काळ्या मातीत अडकलेले पाणी आणि रात्रीचा गारवा या दोन गोष्टी अधिक ठरवतात, असे माझे मत आहे. पुढील उत्तरे त्याच धोरणाने दिली आहेत.

प्रश्न : मी दरवर्षी गणपती विसर्जनानंतर लगेच पिटुनिया, पॅन्सी आणि अ‍ॅस्टरचे बी वाफ्यात टाकते. उगवण चांगली होते, पण थोड्याच दिवसांत रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. ऊन लागू नये म्हणून मी दोन्ही वेळा पाणी देते, तरीही ती वाचत नाहीत.
— एक वाचक भगिनी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपली रोपे उन्हाने नव्हे, पाण्याने जात आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडची काळी माती खालपर्यंत भिजलेली असते, हवा दमट असते आणि रात्रीही उबदार असतात. अशा वेळी मातीतील बुरशी कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी शिरते आणि रोप उभ्याचे आडवे होते. यालाच रोपांची मर म्हणतात. सायंकाळी दिलेले पाणी रात्रभर वाफ्यात राहते आणि बुरशीचे काम सोपे करते.

बी टाकण्याची घाई करू नये. पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागले, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर, की या हिवाळी फुलांच्या बियांना मानवणारी हवा सुरू झाली असे समजावे. मात्र ऑक्टोबर संपण्यापूर्वी पेरणी उरकली पाहिजे, कारण या फुलांना आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचाच काळ मिळतो. उशिरा केलेली पेरणी ऐन कळ्यांच्या वेळी मार्चच्या उन्हात सापडते.

रोपे जमिनीत न करता पसरट कुंडीत किंवा तळाला छिद्रे पाडलेल्या जुन्या टोपल्यात करावीत. चाळलेले जुने शेणखत, वाळू आणि माती समप्रमाणात घ्यावी व त्यात कृषी केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्माची (रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) भुकटी मिसळावी. पिटुनियाचे बी अतिशय बारीक असते आणि उगवणीसाठी त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती टाकू नये. पॅन्सीच्या बियांना उलट काळोख हवा असतो, तेव्हा त्यांवर मातीचा पातळ थर द्यावा. पाणी सकाळी एकदाच द्यावे, तेही शक्यतो कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्यावे. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत तुराट्यांचा विरळ मांडव किंवा हिरवी जाळी पुरेशी आहे. दिवसभर सावलीत ठेवलेली रोपे लांबट व नाजूक होतात.

आपल्याला ऑक्टोबरमध्येच अंगणात फूल हवे असेल, तर त्यासाठी ही झाडे नव्हेत. झिनिया, कॉसमॉस, गोकर्ण आणि सदाफुली ही झाडे शरदाचे ऊन सहज सोसतात. कोरांटीला तर लोक कुंपणापुरतेच मोजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते; इतकी कमी निगा मागून शरद ते हिवाळा फुलणारी दुसरी झाडे आपल्याकडे फार थोडी आहेत.

प्रश्न : दसऱ्याला विक्रीसाठी व घरच्या तोरणासाठी पाच गुंठ्यांत झेंडू लावतो. २०२४ मध्ये फूल वेळेवर आले. त्याच तारखांना पेरणी करूनही २०२५ मध्ये दसऱ्याला केवळ कळ्या होत्या. झाडे मात्र कमरेएवढी आणि हिरवीगार होती. चूक कोठे झाली?
— एक शेतकरी, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : चूक पेरणीच्या तारखेत आहे, कारण सण दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. म्हणजे आपल्या झेंडूला दहा दिवस कमी मिळाले. २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणून पंचांग हाती घ्यावे आणि सणापासून मागे दिवस मोजावेत. मोठ्या फुलांच्या आफ्रिकन झेंडूला बी टाकल्यापासून लागवडीयोग्य रोप होण्यास तीन ते चार आठवडे आणि लागवडीनंतर फूल येण्यास साधारण दोन ते सव्वादोन महिने लागतात. या हिशेबाने २०२६ च्या दसऱ्यासाठी बी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पडले पाहिजे. वाणानुसार यात फरक पडतो, म्हणून बियाण्याच्या पाकिटावरील कालावधी वाचून मोजणी करावी. लागवडीनंतर महिनाभराने शेंडा खुडल्यास फांद्या व फुले वाढतात, पण तोडणी आठवडाभर तरी पुढे जाते. तेवढे दिवस आधीच धरावेत.

झाडे कमरेएवढी होऊन कळ्या उशिरा आल्या, यामागे युरियाचाही हात असावा. कपाशीला देताना उरलेला युरिया झेंडूला टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. भारी काळ्या जमिनीत चांगले शेणखत घातले असेल, तर शेंडा खुडल्यानंतरचा एक हलका हप्ता पुरे. लागवड सपाट न करता सऱ्यांच्या वरंब्यावर करावी, म्हणजे परतीच्या पावसाचे पाणी बुंध्याशी साचत नाही आणि फुलांच्या भाराने झाड कलंडलेच तर त्याला मातीची भर देता येते. उशीर झाल्याचे ऑगस्टच्या मध्यात ध्यानात आले, तर लहान फुलांचा फ्रेंच झेंडू पेरावा. तो लवकर फुलतो. बाजारात त्याला भाव कमी असला तरी घरच्या तोरणाची सोय होते.

प्रश्न : अंगणात शेवंतीची एक रांग आहे. विजेच्या खांबाजवळील झाडांना डिसेंबर सरला तरी कळी आली नाही. दूरची झाडे मात्र फुलली. खत-पाणी सर्वांना सारखेच आहे.
— एक वाचक, तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : शेवंती रात्र मोजते. २२-२३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते आणि हा सलग वाढता काळोख झाडाला कळ्या धरण्याचा संकेत देतो. खांबावरच्या दिव्याने तो काळोख मोडला की झाड पाने वाढवीत राहते. दिव्याच्या बाजूने पोत्यांचा आडोसा उभारावा, किंवा पुढील वर्षी काश्या (बुंध्याजवळून फुटलेले कोंब) लावतानाच घरामागील अंधारी, पण दिवसा भरपूर ऊन मिळणारी जागा निवडावी. कुंड्या असल्यास सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तेथे हलवाव्यात. ऑगस्टनंतर शेंडे खुडू नयेत.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. पावसाळ्यात कुंड्यांतील झाडे चांगली असतात, पण बोअरचे पाणी सुरू केले की दिवाळीपर्यंत पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरा थर येतो. तुरटी फिरवून किंवा पाणी उकळून घातले तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो आणि उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात भूजलच खारे आहे. पावसाळ्यात पावसाचे पाणी कुंडीतील क्षार धुऊन नेते. ऑक्टोबरपासून आपण क्षार घालत जातो, पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे उरतात. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने हा साठा झपाट्याने वाढतो. त्याऐवजी कमी वेळा, पण तळाच्या छिद्रांतून पाणी वाहून जाईल इतके भरपूर द्यावे आणि कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे. पांढरा थर खरवडून काढावा. मातीवर सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन कमी होते, पण उधळी (वाळवी) येत नाही ना हे अधूनमधून पाहावे.

पावसाचे पाणी साठवणे हा या पट्ट्यातला खरा उपाय आहे. शंभर चौरस फूट टिनांवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९० लिटर पाणी मिळते. झाकण असलेल्या दोन-तीन टाक्या सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात भरून ठेवल्या, तर रोपवाटिकेपुरते गोडे पाणी नोव्हेंबरपर्यंत पुरू शकते. मोठ्या झाडांना बोअरचे द्यावे. कण्हेर, बोगनवेल आणि चिनी गुलाब (पोर्तुलाका) यांना खारे पाणी बरेच सोसते. गुलाबाला ते सोसत नाही, त्यामुळे तो साठवलेल्या पाण्यावर कुंडीतच करावा. जमिनीत जिप्सम (क्षारांनी बिघडलेली जमीन सुधारण्यासाठी वापरतात ते खनिज) टाकायचे असेल, तर आधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात याविषयी मार्गदर्शन मिळू शकेल. तपासणीशिवाय जिप्सम टाकणे मी सुचवणार नाही.

प्रश्न : मोगरा दिवाळीत फुलावा म्हणून आता छाटणी करून खत द्यावे का?
— एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : देऊ नये. मोगरा हे उन्हाळ्याचे फूल आहे आणि थंडी येऊ लागली की झाड विश्रांती घेते. आता पाणी कमी करत जावे, जानेवारीच्या अखेरीस छाटणी करावी आणि त्यानंतरच शेणखत देऊन पाणी वाढवावे. छाटणी या महिन्यात करायचीच असेल तर ती गुलाबाची करावी. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास धारदार कात्रीने छाटून कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावल्यास साधारण दीड महिन्यात नवे फूल येते.