आधी ब्रेक, मग इंजिन

१९६६ ची शेव्हेल, म्हणजे शेव्हरोलेची ती जुनी अमेरिकन गाडी घेतलीस, फार आनंद झाला! पण कॅटलॉगमधलं ४५४ घन इंचांचं मोठं इंजिन तूर्तास विसर. आधी गाडीखाली झोप.

रुमालात लोहचुंबक गुंडाळ आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या खालच्या कडेवरून फिरव. जिथे तो पकडत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. डिकीतली चटई उचलून कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. फ्रेम गंजलेली असेल तर वाढलेली ताकद तिला पिळून काढेल.

मग ब्रेक. त्या वर्षी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच खान्याचा यायचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. माझा पेडल एकदा सिग्नलवर असाच तळाला टेकला होता, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. दोन खान्यांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसव, पहिला पैसा तिथेच घाल.

इंजिनाला साधं ३५० पुरे. खरी गंमत मागच्या गिअरची, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो त्या आकड्याची. ४.५६ लावलास तर सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी उसळेल, पण २६ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला ३८०० फेऱ्यांवर (आरपीएम) किंचाळत राहील. ३.७३ ला तेच ३१०० च्या आसपास. रस्त्यावरही चालवायची आहे ना? मग ३.७३ च घे.

आणि शर्यत फक्त ट्रॅकवर. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याआत कापणार असशील तर एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमाने हेल्मेट लागतंच. ते आजच घेऊन ठेव.