टर्बो इंजिनातील स्पार्क प्लगची गॅप

प्रश्न : टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवून घेतल्यापासून चढावर इंजिन झटके देते, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मात्र सुरळीत चालते. प्लगची गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधील अंतर) १.१ मिलिमीटर आहे. ती किती ठेवावी?

उत्तर : बूस्टमुळे सिलिंडरमधील हवा-इंधनाचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि त्यातून ठिणगी पडण्यास जास्त व्होल्टेज लागते, ते व्होल्टेज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलला पेलले नाही, तर भार येताच मिसफायर होतो, म्हणजे मिश्रण पेटत नाही. आपल्या वर्णनावरून पहिला संशय गॅपवरच येतो. ती ०.८ मिलिमीटरवर आणून पाहावी. झटके राहिल्यास दर वेळी ०.०५ मिलिमीटरने कमी करावी, परंतु ०.६ च्या खाली जाऊ नये, कारण लहान ठिणगीने आयडलिंग बिघडते. केवळ बाहेरची वाकडी पट्टी हलक्या हाताने वाकवावी. प्लग इरिडियमचा असल्यास त्याच्या मधल्या सुईसारख्या टोकाला गॅप मोजण्याच्या गेजचा धक्काही लागू देऊ नये; ते सहज तुटते.