तंबाखू मिसळली की नशा वाढते का, ताई?

पुण्याहून 24 वर्षांच्या एका मुलाने लिहिलंय: "ताई, मी स्मोकर नाहीये. फक्त शनिवारी रूमवर मित्रांबरोबर गांजा ओढतो, तो पण सिगारेटमधली तंबाखू मिसळून, कारण नुसत्यात तेवढी मजा येत नाही. तंबाखूने नशा खरंच वाढते का? आणि हल्ली ऑफिसमधून चार वाजता खाली उतरलो की टपरीवर चहाबरोबर एक सिगारेट लागतेच, हे कशामुळे?"

अरे बाळा, तुझा खरा प्रॉब्लेम त्या चारच्या चहातच आहे.

पहिल्या दोन-तीन कशांत डोकं हलकं होतं, गरगरतं ना, ती बरीचशी निकोटिनची किक. निकोटिन मेंदूत पोचायला 10-20 सेकंद पुरतात आणि थोड्याच मिनिटांत ती किक उतरते पण, गांजाची नशा त्यातल्या टीएचसी या द्रव्याची, ती जरा सावकाश चढते आणि दोन-तीन तास राहते, आणि दोन्ही एकदम आल्या की आपल्याला वाटतं काय स्ट्राँग माल आहे. मशीनवर जाळून बघितलं तेव्हा तंबाखूमुळे धुरात टीएचसी जास्त उतरतं असं दिसलं होतं हे खरंय, पण लंडनमध्ये माणसांना नुसता गांजा, नुसती तंबाखू आणि मिक्स असं ओढायला देऊन तपासलं तेव्हा मिक्सने नशा काही वाढली नाही, हृदयाचे ठोके मात्र वाढले. तुला गच्चीवर एकदा छाती धडधडून आडवं व्हावं लागलं असं तू पत्रात पुढे लिहिलंयस, ते वाचून माझा जीव खालीवर झाला रे.

माझी आजी मिश्री लावायची. छोटी पत्र्याची डबी, कमरेला खोचलेली. दुपारी ती डबी सापडली नाही की आजी चुलीपाशी भांडी आपटायची आणि आम्ही पोरं अंगणात पळायचो. तिलाही वाटायचं मी कुठे तंबाखू खाते, मी तर दात घासते. तू शनिवारचं नाव गांजा ठेवलंयस म्हणून तंबाखू मोजतच नाहीयेस, आणि आठवडाभर जी तलफ येते ती तिचीच आहे.

आता गांजा नुसता ओढ असंही मी सांगणार नाही, धूर तो धूरच, आणि 1985 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, पोलीस केस झाली तर नोकरी जाऊ शकते. दोन्ही सोड, पण आधी ती चारची सिगारेट धर. पहिले तीन दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, तेव्हा चहा टपरीवर नको, वर डेस्कवरच घे. 1800-11-2356 ही तंबाखू सोडायची फुकट हेल्पलाइन आहे, इतर नशा सोडायला 14446. फोन करशील तेव्हा गांजाचंही सांग, लपवू नकोस. आणि परत छाती धडधडली, दुखली, तर सरळ डॉक्टर गाठ आणि काय ओढलं ते खरं सांग.

महिन्याभराने मला परत लिही, मी वाट बघतेय.