वाचक विचारतात

प्रश्न : साथीच्या तपासाचं प्रशिक्षण वर्गातच होतं का? डॉक्टर असावंच लागतं?

उत्तर : व्याख्यानं थोडी, पायपीट फार. अमेरिकेत १९५१ साली अलेक्झांडर लँगम्युअर यांनी असा अभ्यासक्रम सुरू केला, त्याचं बोधचिन्हच भोक पडलेला बुटाचा तळवा! मी शिकवते तेव्हा संरक्षक पोशाख घालण्यापेक्षा उतरवण्यावर जास्त वेळ घालवते. हातमोज्यांना जंतूंच्या जागी अतिनील प्रकाशात चमकणारी पावडर फासायची, पोशाख उतरवायला लावायचा, मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा फिरवायचा. मनगटावर, कानामागे ठिपके चमकतात आणि मघाशी गप्पा मारणारे एकदम गप्प होतात. रुग्णाची व्याख्या (म्हणजे या साथीत रुग्ण कोणाला म्हणायचं ते), रुग्णांच्या याद्या, आलेख सरावाने जमतात. डॉक्टरच हवेत असं नाही. पशुवैद्य, परिचारिका, प्रयोगशाळेतलेही येतात. पशुवैद्य तर मला हवेच असतात, कारण कितीतरी नवे आजार प्राण्यांकडूनच येतात.